वेरूळ बंद होतं तो मंगळवार

‘मॅडम, उद्या मंगळवार हाय. वेरूळ बंद राहतं.’

सलीमभाईंनी हे माझ्या कानाशी येऊन सांगितलं. एका मिनिटापूर्वीच मी सोळा पाहुण्यांसमोर उभी राहून जाहीर केलं होतं, ‘उद्या सकाळी आठला वेरूळ!’ टाळ्याही पडल्या होत्या.

मी टूर मॅनेजर आहे. एकवीस वर्षं झाली. पाहुण्यांच्या जेवणापासून गोळ्यांपर्यंत सगळं माझ्याकडे असतं. त्या वेळी नागपूरच्या सीनियर सिटिझन्सचा ग्रुप घेऊन पिशोर-कन्नड रस्त्यावर सलीमभाईंच्या शेतातल्या मुक्कामी उतरले होते. आठ खोल्या, चहूबाजूंनी ज्वारी, आणि स्वयंपाक त्यांच्या बायकोच्या, नसीमआपांच्या हातचा. वेरूळ सोमवारी दुपारी ठरलं होतं. रेल्वे सात तास लेट झाली, म्हणून घाईत मी ते मंगळवारवर ढकललं. लेणी मंगळवारी बंद असतात हे मला पाठ आहे. त्या दिवशी डोक्यातच आलं नाही. मंगळवारी रात्री परतीची गाडी होती.

पाहुणे शेकोटीभोवती हुरडा खात होते. मी तिथंच चूक कबूल केली. वसुधाताई म्हणाल्या, ‘बंद म्हणजे... लांबूनही नाही दिसणार?’

त्या ड्रॉइंगच्या निवृत्त शिक्षिका. वय एकाहत्तर, गुडघ्याला पट्टा. आयुष्यभर मुलांकडून पुस्तकातली लेणी काढून घेतली, स्वतः एकही पाहिलं नव्हतं. मांडीवर नवं कोरं स्केचबुक होतं.

मी बाजूला जाऊन पुण्याला बॉसना फोन लावला.

‘शहरात आणा. मकबरा दाखवा, पैठणीच्या दुकानात न्या. संपला दिवस.’

‘सर, हे लोक लेण्यांसाठी आलेत.’

‘मग तुमच्याकडे काय आहे दुसरं?’

मी फोन ठेवला. सलीमभाई मागंच उभे होते. ‘पितळखोरा बघितलंय का मॅडम? कन्नडच्या पुढं, जंगलात. वेरूळच्याही आधीचं, लई जुनं.’

‘चढ आहे?’

‘उतार हाय. पायऱ्या लई हायेत, पण धड हायेत.’

आमच्या धंद्यात रेकी नावाचा प्रकार असतो. म्हणजे पाहुण्यांना नेण्याआधी ती जागा स्वतः जाऊन बघायची. बाथरूम कुठं, सावली कुठं, फोनला रेंज आहे का. रेकीशिवाय ग्रुप न्यायचा नाही, हा नियम मी कधी मोडलेला नव्हता. म्हणून उजाडता उजाडता सलीमभाईंच्या मोटारसायकलवर मागं बसले. थंडीनं दात वाजत होते. नसीमआपांनी स्वतःची शाल माझ्या डोक्याला घट्ट गुंडाळली होती.

दरीच्या तोंडाशी पोचलो आणि मी सगळं विसरले. खाली काळ्या कड्यात कोरलेली दालनं, त्यांच्यावर पहिलं ऊन. पायऱ्या मोजत उतरले. मध्येच आकडा चुकला, कारण समोर दगडी हत्ती आले, ओळीनं, जणू सगळं लेणं पाठीवर घेऊन उभे. एकवीस वर्षं या भागात ग्रुप आणत होते आणि इथं कधी आलेच नव्हते.

‘सलीमभाई, चला! दहाच्या आत बस निघाली पाहिजे.’

परत आलो तर पाहुणे धपाटे आणि दह्यावर तुटून पडले होते. मी ओरडूनच सांगितलं, ‘वेरूळपेक्षा जुनं काहीतरी सापडलंय!’ सलीमभाईंना ते ठाऊकच होतं, सापडलं होतं ते मला. पण त्या क्षणी कुणी शब्द धरून बसलं नाही.

बस निघताना सलीमभाईंनी एक प्लॅस्टिकची खुर्ची आत टाकली.

‘ही कशाला?’

‘बाईंसाठी. गुडघा बघितला मी त्यांचा.’

पंधरा जण सावकाश खाली गेले. वसुधाताई दहा पायऱ्या उतरायच्या, सलीमभाई खुर्ची टेकवायचे, त्या बसायच्या. पुन्हा दहा. मी हात धरला होता आणि मनातल्या मनात घाबरले होते. निम्म्यावर त्या थांबल्या. ‘वर चढायला जमेल का हो?’

‘आत्ता उतरा बाई,’ सलीमभाई म्हणाले. ‘चढायचं मी बघतो.’

पाऊण तास लागला. हत्तींसमोर खुर्ची ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, स्केचबुक उघडलं आणि पुढचा दीड तास त्यांची पेन्सिल चालूच होती. बाकीचे एकमेकांना हाका मारत होते, ‘इकडं या, खांबावर रंग दिसतोय!’

वर चढताना पुन्हा तीच खुर्ची, तेच दहा-दहा. सव्वा तास. दुपारी उशिरा शेतावर आलो तेव्हा नसीमआपांनी नान-खलिया वाढला, शाकाहारी मंडळींसाठी भरीत-भाकरी. वसुधाताईंनी जेवायच्या आधी चित्र नसीमआपांना दाखवलं. आपांनी हात पुसून ते हातात घेतलं. ‘तीस वरसं झाली इथं नांदायला,’ त्या म्हणाल्या. ‘आम्हीच बघितलं नाय अजून.’

गाडी वेळेवर मिळाली. आता कंपनीच्या कार्यक्रमात पितळखोरा छापलेलं असतं. बॉस मीटिंगमध्ये सांगतात की ती कल्पना त्यांची. मी वाद घालत नाही. कार्यक्रम ठरवताना आधी वार बघते, मग बाकीचं.