वाचून पुसणारा

देवनारला आमच्या बसस्टॉपमागच्या भिंतीवर कुणीतरी कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडच्या धुराने खोकणाऱ्या वस्तीच्या कविता लिहायचं. दर सोमवारी पालिकेचा एक म्हातारा रंगारी येऊन त्या पांढऱ्या रंगाने पुसायचा. पण आधी बादली खाली ठेवून, चष्मा लावून, ओळीवर बोट फिरवत तो अख्खी कविता वाचायचा.

एकदा मी विचारलं, "काका, पुसायचीच आहे तर वाचता कशाला?"

"कुणीतरी वाचायला नको? तुम्ही रोज इथेच उभे असता. वाचलीत कधी?"

मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

गेल्या सोमवारी भिंत कोरीच होती. चष्मा लावून तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. "लिवणारो दमलो वाटता," स्वतःशीच मालवणीत म्हणाला. मग त्या कोऱ्या भिंतीवरही त्याने रंगाचे दोन हात मारले.