कलम सातचा गुन्हा

आमच्या वादक संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण सभांची वही माझ्या माळ्यावर होती. दुसरं काही कारण नव्हतं. संघाला बरीच वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि अध्यक्षांचा फोन आला, "तू बँकेतला माणूस, तुला लिहायची सवय. गौरवशाली इतिहास लिही, चार पानं पुरेत." बँकेत मी आयुष्यभर चेकवर शिक्के मारले, गौरवशाली काही लिहिल्याचं आठवत नाही. पण नाही म्हणायची सवयही नाही. स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढलो.

संघ म्हणजे ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत लग्नांत, हळदीत, ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांची युनियन. ढोलकी, बँजो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सगळे. मी व्हायोलिनवाला, आणि बँकेत होतो म्हणून सेक्रेटरी. स्थापनेपासून ठाणेकर सभेला कल्याणला यायला तयार नव्हते आणि कल्याणकर ठाण्याला जायला. ठाण्यात टेंभी नाक्यावर देवीपुढे वाजवणारे स्वतःला कलावंत समजायचे आणि बाकीच्यांना वरातवाले. मग तोडगा निघाला, सभा दोन्हींच्या मधल्या दिवा गावात घ्यायची. दिव्यात आमचा एकही सभासद राहत नव्हता, त्यामुळे कुणाचाच मोठेपणा होत नव्हता. तिथल्या शाळेच्या वर्गात प्यायला पाणी नसायचं. घसे कोरडे पडले की भांडणं आपोआप मिटायची आणि सभा संपायची. संघाची एकी टिकली त्याचं श्रेय मी त्या नसलेल्या पाण्याला देतो. हे मी इतिहासात लिहिलेलं, अध्यक्षांनी खोडलं.

वही वाचायला घेतली आणि कपाळाला हात लावला. बॅनरवर संघाचं नाव वर घ्यायचं की अध्यक्षांचा फोटो, यावर लागोपाठ सभा झालेल्या. खुर्च्या कुणाकडून आणायच्या, चहात साखर किती, निधन पावलेल्या सभासदाला श्रद्धांजली बसून वाहायची की उभं राहून. वाजवण्याबद्दल एक अक्षर नाही. कोण काय वाजवायचा, कसं वाजवायचा, कुठे वाजवलं, काही म्हणजे काही नाही. परक्या माणसाने वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही मंडळी मांडव-खुर्च्या भाड्याने देतात.

एका पानाचा अपवाद होता. ते पान शिक्षेचं होतं आणि अक्षर माझंच होतं.

तेव्हा डीजे नवीन नवीन आलेले. संघाने ठराव केला, तो कलम सात: ज्या कार्यात डीजे असेल तिथे सभासद वाजवणार नाही, वाद्य पेटीत बंद करून बसेल. मोठा क्रांतिकारी ठराव, टाळ्या वगैरे पडल्या. डीजेवाल्यांना तो कळवायचं मात्र राहून गेलं. लोक डीजे आणत राहिले आणि आम्ही पेट्या बंद करून बसत राहिलो. यालाच आम्ही आंदोलन म्हणत होतो.

अशाच एका लग्नाला मी आणि दादूस दोघे होतो. दादूस आमच्यात क्लॅरिनेट वाजवायचा. डोंबिवलीजवळच्या गावातला आगरी माणूस, माझ्याहून वयाने मोठा, बोलायला कमी. कल्याणच्या हॉलवर पोचलो तर दारातच डीजेचे खोके. आम्ही पेट्या उघडल्या नाहीत, कोपऱ्यात बसून राहिलो. लोडशेडिंगचे दिवस होते. नवरीला मांडवात आणायच्या ऐन वेळी वीज गेली. डीजे गप्प, पंखे गप्प, भटजींच्या हातातला माइक गप्प. भरल्या हॉलमध्ये कपड्यांची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

नवरीची आई माझ्याकडे आली. मी चष्मेवाला, तिला मीच मुख्य वाटलो असणार. म्हणाली, "दादा, पोरगी अशी मुक्यानं मांडवात येणार का हो? काहीतरी वाजवा." मी तिला कलम सात समजावून सांगितलं. खरंच सांगितलं. पोटकलमासकट. ती ऐकून घेत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं, तरी मी वाक्य पूर्ण केलं. तेवढ्यात शेजारी पेटीची कडी वाजली. मी म्हटलं, "दादूस, नियम आहे." तो म्हणाला, "हाय ना. तुमी पाला." आणि उभा राहून वाजवायला लागला.

त्याने काय वाजवलं ते आजही मला सुरासकट येतं, पण ते इथे लिहून उपयोग नाही.

पुढच्याच सभेत त्याच्यावर खटला. डीजेच्या विश्रांतीत वाजवणं म्हणजे डीजेला मदतच, असा अध्यक्षांचा मुद्दा होता. साक्षीदार मी आणि लिहिणाराही मीच. दादूस एवढंच बोलला, "लाइट गेलेली." मी सगळं नीट, इमानेइतबारे लिहिलं, कारण अर्धवट लिहिणं मला जमत नाही. त्याला वर्षभर निलंबित केलं. वर्ष संपलं तरी तो परत आला नाही, आणि मी विचारायला गेलो नाही. माझी लाज मला तेव्हा नियमासारखी वाटत होती.

स्मरणिकेच्या गडबडीतच त्याच्या मुलीचा फोन आला. ज्येष्ठ कलावंतांच्या सरकारी यादीसाठी बाबांनी अर्ज केलाय, दोनदा परत आला, वाजवल्याचा लेखी पुरावा मागतात, संघाकडे काही आहे का? मी त्याच्या घरी गेलो. शेताच्या जागी टॉवर, चौथा मजला अख्खा त्यांचा. मुलगे बांधकामाच्या धंद्यात. बापाने लोकांच्या लग्नांत वाजवलं हे ते पाहुण्यांना सांगत नाहीत, हे मुलीनेच मला लिफ्टमध्ये सांगितलं. क्लॅरिनेट कपाटाच्या वर, चादरीत गुंडाळलेलं. दादूस पार वाळलेला. मला बघून रागावला नाही, चहा सांगितला.

"मना पैसा नको, सेक्रेटरी," तो म्हणाला. "मी वाजवीत होतो, तेचा येक कागद पायजे. मी गेलो की या घरात कुणी सांगनार पन नाय."

फोटो शोधले. लग्नाच्या अल्बमात वाजवणारा कधी पुरता येत नाही. एका फोटोत त्याचं कोपर होतं, दुसऱ्यात क्लॅरिनेटचं तोंड आणि त्यामागे नवऱ्याची आत्या. अध्यक्षांकडून संघाच्या लेटरहेडवर पत्र आणलं, तर यादीच्या सरकारी कार्यालयाने सांगितलं, आजच्या तारखेचं नको, त्या काळात लिहिलेलं काही आणा. त्या काळात लिहिलेलं एकच होतं.

मी अध्यक्षांना सांगितलं, मी शिक्षेचं पान दाखवणार. ते भडकले. "अरे, त्यावर माझी सही आहे. संघाची अब्रू जाईल."

"अब्रू कुठल्या सभेत मंजूर झाली ते मला वहीत सापडलं नाही," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलटून बोललो, तेही फोनवर.

कार्यालयात मी आणि दादूस गेलो. टेबलामागे तरुण मॅडम होत्या. त्यांनी वही पुढ्यात घेतली आणि ठराव मोठ्याने वाचायला लागल्या. "'सदर सभासदाने मनाई केली असतानाही क्लॅरिनेट काढून नवरी मांडवात येईपर्यंत व त्यापुढेही सलग वाजविले. बाहेर नाश्त्याला बसलेली माणसे बशा हातात घेऊन मांडवात आली. नवरीच्या आईने वादकाला हात जोडले. वीज आल्यावरही उपस्थितांनी डीजे लावू दिला नाही. सबब सदर सभासद दोषी आहे.'"

त्यांनी वर बघितलं. "डीजे बंद पाडला म्हणून दोषी?"

"हो," मी म्हटलं. "डीजे बंद पाडायचं आंदोलन चालू होतं."

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. दादूसकडे वळून म्हणाल्या, "काका, इतका चांगला पुरावा कुणी आणत नाही. तुमचं काम झालं." दादूसने मान डोलावली आणि मग अगदी हळू म्हणाला, "ते बशांचा परत वाचा ना, मॅडम." त्यांनी परत वाचलं. तो डोळे मिटून ऐकत होता. त्या शिक्षेच्या कागदात माझ्या हातून एवढं खरं लिहिलं गेलेलं, आणि ते त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

मॅडम पुढची ओळ वाचायला लागल्या. "'साक्षीदार व्हायोलिनवादक यांनी नियमाचे पालन करून वाद्य उघडले नाही.' हे कोण? त्यांनाही अर्ज करायला सांगा."

"हे काय, बसलेत," दादूस म्हणाला.

"अरे वा, सर. मग तुमचा पुरावा काय आहे?"

मी इतकी वर्षं वाजवलं. लग्नं, हळदी, ऑर्केस्ट्रा, रजा टाकटाकून. एकदाही नियम मोडला नाही, त्यामुळे वहीत माझं वादन कुठेच नाही. सांगितलं, "आत्ता वाचलीत तीच ओळ."

त्यांनी ती मनातल्या मनात पुन्हा वाचली. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही वाजवलं नाही. का?"

मी वही माझ्याकडे ओढून कलम सातचं पान शोधायला लागलो. माझ्या वतीने दादूसच म्हणाला, "नियम होता, मॅडम." त्याच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता.

पानाची झेरॉक्स काढून मॅडमनी माझ्यापुढे सरकवली. खरी प्रत म्हणून खाली सही करा, म्हणाल्या, आणि हुद्दा लिहा. मी सही केली आणि खाली लिहिलं, सेक्रेटरी.