शब्दकोशाखालचे चेहरे

गेल्या वैशाखात माझ्या दिवंगत पत्नीला सहा चेहरे होते आणि त्यांपैकी एकही मला ओळखू येत नव्हता.

हे वाचून कोणाला माझ्या प्रकृतीची काळजी वाटली तर ती रास्त आहे. शेजाऱ्यांनाही वाटली होती. खुलासा करतो. सुमन दर रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत लहान मुलांना चित्रकला शिकवायची. ती गेली तेव्हा सहा मुलांची चित्रं अर्धवट होती. विषय तिनेच दिला होता : ‘तुमच्या बाई. पण फोटोसारख्या नकोत. बाईंजवळ बसल्यावर जसं वाटतं तशा.’ ऑइल पेस्टलच्या खडूंनी काढलेलं अमूर्त व्यक्तिचित्र! रंगांचा पहिला थर देऊन झाला होता. पुढे रंग एकमेकांत मिसळायचे, नको ते खरवडायचं, हवी ती रेघ ठसठशीत करायची, आणि मुख्य म्हणजे वेळेवर थांबायचं. या सगळ्याला तिचा एकच शब्द होता. ‘आता चित्र शहाणं करा,’ म्हणायची. ते व्हायच्या आत ती गेली.

काही महिने खोली बंद राहिली. मग एका रविवारी सहाही मुलं न बोलावता आली, चपला काढून आपापल्या जागी बसली. त्यांतली ओवी ही सर्वांत मोठी, म्हणजे पाचवीतली.

“काका, आमच्या बाई शहाण्या करायच्या राहिल्यात.”

मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. चित्रकलेशी माझा संबंध एवढाच, की सुमनने चित्र दाखवलं की मी ‘वा’ म्हणायचो. (ते कधीकधी ती मुद्दाम उलटं धरायची. तरीही मी ‘वा’ म्हणायचो.) पण मुलांना ‘घरी जा’ असं काही म्हणवेना. एरवी आठवडाभर घरात जो काही आवाज व्हायचा तो फ्रिजचा.

वर्ग पुन्हा सुरू झाल्याची बातमी सुमनच्या माहेरी, नेसरीला, बापूच्या कानावर गेली. बापू सुमनचा धाकटा भाऊ. शेती करतो, आणि एवढ्या मोठ्याने बोलतो की त्याला खरं तर फोनची गरज नाही.

“दाजी, कुठवर एकटं बसणार हाईसा? खोली भाड्यानं लावा आन् चला नेसरीला. हितं माणसं हाईत, म्हशी हाईत.”

“अरे, पण मुलांचा वर्ग...”

“वर्ग? आन् तुम्ही शिकवताय? तुम्हाला भोपळा तरी काढता येतोय काय ओ? वर्षश्राद्धाला येतोय की. पोरांनी आक्काची चित्रं केल्यात ती भिंतीवर लावा. बघतो. न्हाई जमलं तर बॅग भरायची, आन् माझ्यासंगं गाडीत बसायचं!”

म्हशींबद्दल माझी काही तक्रार नाही. पण रविवार सकाळ नसलेलं आयुष्य डोळ्यांपुढे आलं आणि मी घाबरलो. घाबरल्यावर मी एकच गोष्ट करतो : वाचतो. चित्रकलेवरचे दोन जाड ग्रंथ आणले, टिपणं काढली आणि पुढच्या रविवारी अमूर्ततेचा उगम या विषयावर मुलांना व्याख्यान दिलं. छोटा राजवीर खडूच्या पेटीवर डोकं ठेवून झोपला.

“काका,” ओवी म्हणाली, “बाई एवढं बोलत नव्हत्या ओ.”

“मग काय करायच्या?”

“बोट धरून फिरवायच्या. असं.” तिने माझी तर्जनी धरली आणि चित्रावर निळा नि पिवळा भेटत होते तिथे हलकेच फिरवली. दोन्ही रंग कडेला विरघळले. मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“बिघडलं का गं?”

“शहाणं झालं की!”

त्यानंतर मी शिकवणं सोडून फक्त काळजी करू लागलो. या डोळ्याला बुबुळ नाही! (“बाई तिकडं बघत न्हाईत, काका.”) ही हनुवटी हिरवी का? (“बाई हसल्या की तशीच व्हायची.”) यावर इतिहासाच्या प्राध्यापकाने काय बोलावं?

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत सहाही चित्रं तयार होती, फ्रेमा आणून ठेवलेल्या होत्या. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की कागद वळलेत. राजवीरने तर आपल्या बाईंची गुंडाळी करून वर रबर लावलं होतं! फ्रेममध्ये घालायला गेलं की चित्र पुन्हा गुंडाळी होऊन बाहेर यायचं. आयुष्यात प्रथमच मला चित्रकलेतली एखादी अडचण सोडवता येण्याजोगी वाटली. वळलेला कागद सरळ कसा करायचा हे पुस्तकवाल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. वर वजन ठेवायचं.

पण रंग माझ्या पुस्तकांना लागले तर? (होय, मला काळजी पुस्तकांची वाटली.) म्हणून मी चित्रांच्या जोड्या लावल्या, रंगाची बाजू रंगाच्या बाजूवर, समोरासमोर तोंड करून. त्यांवर शब्दकोशाचे सगळे खंड रचले. तरी समाधान होईना म्हणून वर मी स्वतः बसलो. वर्तमानपत्र वाचून संपलं तरी बसून होतो. बाहेर ऊन असं की डांबर मऊ व्हावं.

ऑइल पेस्टल कधीच पुरतं वाळत नाही, ही माहिती माझ्या दोन्ही ग्रंथांत होती. मी पोचलो होतो त्याच्या आधीच्या प्रकरणापर्यंत.

सकाळी गुरुजींचं आटोपलं आणि मुलं चित्रं लावायला आली. मी मोठ्या ऐटीत खंड उतरवले आणि पहिली जोडी सोडवली. चर्र असा आवाज झाला.

“काका,” राजवीर म्हणाला, “माझ्या बाईंना ओवीच्या बाईंची भुवई लागलीय.”

“आन् माझ्या बाईंचं नाक कुठाय?”

“हितं हाय बघ. माझ्याकडं.”

मी दुसरी जोडी सोडवली. तिसरी सोडवायचं धैर्य होईना. ती ओवीने सोडवली. सहा चेहरे, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं काहीतरी चिकटलेलं! तेवढ्यात गल्लीच्या टोकाहून बापूचा आवाज आला.

“चित्रं उलटी लावू या! पाठीमागची बाजू पुढं!” मी म्हणालो.

“काका, तुम्ही जरा बाजूला व्हा,” ओवी म्हणाली आणि तिने केसांतला आकडा काढला. “चला रे. शहाणं करा.”

मुलं कामाला लागली. मी दारात आडवा उभा राहिलो.

“बापू, आधी पाणी घे.”

“घिऊन आलोय.”

“पाय धू.”

“धुतलं की नळावर.”

“मग... म्हशी कशा आहेत?”

बापूने माझ्याकडे रोखून पाहिलं. “दाजी, तुम्ही म्हशींची चौकशी करताय? सरका बघू!”

तो आत शिरला. मुलं भिंतीला टेकवलेल्या चित्रांपासून दूर झाली. बापू बघत राहिला, आणि गप्प राहिला. असं पूर्वी कधी घडलेलं नव्हतं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. अखेर त्याने खिशातून कुंकवाची डबी काढली. सुमन सवाष्ण गेली. त्यांच्याकडे अशा बाईच्या फोटोला आधी माहेरचं कुंकू लागतं, मग हार.

राजवीरच्या चित्रापुढे तो खाली बसला. “कपाळ कुठाय हिचं?”

“मामा, इथं. निळ्याच्या वर,” ओवीने दाखवलं.

बापूने अंगठा टेकवला. मऊ रंगात अंगठा घसरला, कुंकू फरपटलं. मी डोळे मिटून घेतले.

“थांबा मामा! बोट उचलू नका,” ओवीचा आवाज आला. “आता गोल फिरवा. हलकं. दाबू नका ओ, म्हैस न्हाई ती!”

मी डोळे उघडले. बापू जीभ दातांत धरून अंगठा फिरवत होता. लाल रंग पिवळ्यात हळूहळू पसरला आणि त्याखाली ती ओवीकडून आलेली भुवई, एकच, वर चढलेली, उठून दिसायला लागली.

“आरं तिच्या!” बापू म्हणाला. “आक्काच की ही! मी चिंचा चोरून आणल्या की अश्शीच बघायची!”

मलाही ती नजर ओळखू आली. उलट्या चित्राला मी ‘वा’ म्हणालो की ती अशीच बघायची. बापूने सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं आणि बाहीही रंगली.

“वर्ग चालू ऱ्हाऊ दे,” तो शेवटी म्हणाला. “पण दाजी, शिकवंल ही पोरगी. तुम्ही खाली पोरांत बसा.”

तेव्हापासून मी रविवारी राजवीरशेजारी बसतो. (तो आता झोपत नाही. व्याख्यानं बंद आहेत.) गेल्या आठवड्यात ओवीने सगळ्यांना विषय दिला : काका. तिने स्वतःचं चित्र मला दाखवलं. जाडजाड रंगीत ठोकळे, एकावर एक रचलेले, कडा आकड्याने खरवडून अगदी रेखीव केलेल्या.

“वा!” मी म्हणालो. चित्र सुलट आहे ना, हे आधी बघून घेतलं होतं. “पण यात मी कुठे आहे?”

“सगळ्यात खाली,” ओवी म्हणाली. “तुम्हाला सपाट व्हायला ठेवलंय.”