नाव आमी ठेवतो

“बाप काय करतो बे?”

भाऊसाहेबांनी हा प्रश्न मला भरलेल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये विचारला. पदवीचं पहिलं वर्ष, पहिलं प्रात्यक्षिक. ते एकेका विद्यार्थ्याचं युजरनेम तयार करत होते. हे नाव टाकल्याशिवाय मशीन उघडत नाही. माझ्या आधीच्या मुलांना त्यांनी फक्त नाव आणि आडनाव विचारलं होतं. माझे कपडे पाहून त्यांना जास्तीची माहिती हवीशी वाटली.

“मेंढरं हायत आमची,” मी म्हणालो.

भाऊसाहेब एका बोटाने टाइप करत. प्रत्येक इंग्रजी अक्षर मोठ्याने म्हणत त्यांनी माझ्यासमोर शब्द पुरा केला. मेंढरू. लॅब हसली. पुढच्या रांगेत बसलेले संचालकांचे चिरंजीव वळून वळून हसले.

“सर, माझं नाव असं...”

“पासवर्ड तुझा तू ठेव. नाव आमी ठेवतो.”

पुन्हा हशा. त्यांनी पुढच्याला हाक मारली.

ही लॅब बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या आवारात होती. कारखान्यामागून पतसंस्था आली होती, तिच्यामागून दूध संघ, मग महाविद्यालय. चारही ठिकाणी अध्यक्षाच्या खुर्चीत एकच माणूस बसत असे. त्यांना सगळे दादा म्हणत. भाऊसाहेब दादांचे मेहुणे. हुद्दा, लॅब इनचार्ज. पात्रता, मेहुणे.

पदवीचं नाव भारदस्त होतं. माहिती प्रणाली. पहिल्याच धड्यात व्याख्या होती: माहिती गोळा करणं, ती साठवणं, हवी तेव्हा हव्या त्या माणसाला देणं. व्याख्या अपुरी होती. साठवणारा माणूस तुम्ही कोण ते ठरवतो, हे तिच्यात नव्हतं. ते मी पुस्तक उघडायच्या आधी शिकलो.

त्या दिवसापासून मी रोज स्वतःला शिवी टाइप केली. दुसऱ्याच्या तोंडची शिवी माणूस कानाआड करू शकतो. ही माझ्याच बोटांतून जात होती. टाइप केली नाही तर मशीन उघडत नसे. मशीन उघडलं नाही तर हजेरी लागत नसे. हजेरी नाही तर परीक्षा नाही. पडद्याच्या कोपऱ्यात तो शब्द दिवसभर असे. प्रत्येक प्रिंटच्या माथ्यावर तो छापून येई. शिपाई प्रिंटचा गठ्ठा वाटताना दारातून विचारायचा, “मेंढरू कोन हाय?” त्याला खरोखर माहीत नसे. मी हात वर करायचो.

वर्ष संपताना मी भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. नाव बदलून द्या म्हणालो.

“सिस्टीममधी बदलत न्हाई ते,” ते म्हणाले. “प्रायमरी की हाय ती. एकदा पडली की पडली.”

प्रायमरी की म्हणजे तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीची ओळख पटवणारी खूण. हा शब्द त्यांनी कुठून तरी उचलला होता आणि तो दाराला कुलूप लावावं तसा वापरला. मला तेव्हा तेवढं कळत नव्हतं. मी मान हलवून बाहेर आलो. आपल्या जन्मासारखंच काहीतरी मशीनमध्येही असतं, एवढा बोध घेतला.

दुसऱ्या वर्षी पाऊस पुन्हा गेला. ऊस नव्हता, गाळप बंद पडलं. उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या मैदानात चारा छावणी उघडली. छावणीच्या फाटकापेक्षा दादांच्या फोटोचा फलक रुंद होता. गाई, बैल, म्हशी आत घेत. मेंढ्या घेत नसत. माझ्या वडिलांनी फाटकावर विचारून पाहिलं, तिथूनच परत फिरले, आणि उमापूरच्या बाजूचं आमचं गाव सोडून कळप घेऊन कडा गावाच्या पुढे गेले. छावणीत मेंढरू चालत नव्हतं. लॅबमध्ये रोज लागत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना शोधत गेलो. कापणी झालेल्या एका रानात कळप बसलेला होता. वडील एका मेंढीचा पाय मांडीवर घेऊन तिच्या खुरातला काटा काढत होते.

“कॉलेजात मला मेंढरू म्हनतेत,” मी म्हणालो.

“म्हनू दे की. मेंढरावरच जगतो आपुन. लई गुनाचं जनावर.”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या घरात हा शब्द कधी कुणाला लागला नव्हता. आजारी पोरालाही आई मायेने तेच म्हणायची. बराच वेळ वडील सुईच्या टोकाने खूर कोरत राहिले.

“म्हनताना हासतेत का?”

“हासतेत.”

“मंग वाईट हाय,” ते म्हणाले. मेंढी सोडली, ती तीन पायांवर उड्या मारत कळपात गेली.

माहिती प्रणालीच्या कुठल्याही तासाला मला एवढा नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

सुट्टीनंतर डेटाबेस हा विषय सुरू झाला. शिकवायला तासिका तत्त्वावर नेमलेल्या एक मॅडम होत्या. फळ्यावर तक्ता काढून त्या म्हणाल्या, “ओळखीसाठी असं काही घ्यायचं ज्याला स्वतःचा अर्थ नाही. साधा क्रमांक घ्या. माणसाचं नाव, गाव, धंदा घेऊ नका. या गोष्टी बदलतात.”

तास संपल्यावर मी थांबलो.

“मॅडम, आपल्या लॅबमधलं युजरनेम बदलता येतं का?”

“येतं की. मिनिटाचं काम आहे.”

“प्रायमरी की आहे म्हणून बदलत नाही, असं भाऊसाहेब म्हणाले.”

“ते युजरनेम आहे. की वेगळीच आहे, आतमध्ये, क्रमांकाची.”

“मग माझं बदलून द्या.”

त्यांनी भाऊसाहेबांच्या केबिनकडे पाहिलं. मग दार लोटून घेतलं.

“माझी ऑर्डर दर वर्षी दादांच्या सहीने निघते रे,” त्या म्हणाल्या.

त्यांचा मला राग आला नाही. त्या आवारात खरं बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या. ते बोलायलाही दार लोटून घ्यावं लागलं, ही त्या आवाराची लायकी.

तर शब्द बदलता येत होता. वर्षभर मी जे अटळ समजून टाइप केलं ते कुणाच्या तरी मर्जीवर चाललेलं होतं. मशीनला माझी जात ठाऊक नव्हती. मशीनने मला हसून दाखवलं नव्हतं. ती करणी एका बोटाची होती.

मी ते स्वतःही बदलू शकलो असतो. भाऊसाहेब मुख्य पासवर्डही मोठ्याने म्हणत टाइप करत. दादांचं नाव आणि पुढे एक, दोन, तीन. सगळ्या वर्गाला तो पाठ होता. माझ्याच वर्गातल्या एकाने सुचवलं, “कशापायी झुरतो बे? त्यो जेवायला गेला की बदलून टाक.” मी दोनदा त्या खुर्चीपर्यंत जाऊन आलो. चोरून बदललं असतं तर भाऊसाहेबांना कुणीही काही विचारलं नसतं. लपून मिळवलेलं माझंच नाव मला चोरीच्या मालासारखं वापरावं लागलं असतं. ते मला नको होतं. ज्या खोलीत दिवसाउजेडी काढून घेतलं, त्याच खोलीत दिवसाउजेडी परत हवं होतं. तोवर, परीक्षेला बसायचं म्हणून, मी टाइप करत राहिलो.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दादांनी स्वतः सुचवला. छावणीतल्या जनावरांची नोंद ठेवणारी प्रणाली. तिघांचा गट होता. तक्ते मी आखले, प्रोग्राम मी लिहिला. बाकीच्या दोघांनी मुखपृष्ठावर दादांचा फोटो बसवला. त्यांना त्याचं महत्त्व माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

सादरीकरण लॅबमध्येच होतं. विद्यापीठाने पाठवलेले परीक्षक दादांकडे जेवून आले होते. दादा आले, दोन संचालक आले, छावणीचे व्यवस्थापक आले. भिंतीवर मोठा पडदा लावला होता. प्रकल्पात गुण मिळाले की पदवी, नाही तर वर्ष गेलं, इतका सरळ हिशोब होता.

“चल बे, टाक तुझं नाव,” भाऊसाहेब म्हणाले. म्हणताना हसले. पाहुण्यांसमोर तो शब्द भिंतीवर उमटणार याची त्यांना गंमत वाटत होती.

मी खुर्चीत बसलो. चौकटीत माझं नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. बटण दाबलं. भिंतीवर माझ्या नावाखाली लाल अक्षरांत इंग्रजी वाक्य आलं. असा वापरकर्ता अस्तित्वात नाही.

“काय झालं?” दादांनी विचारलं.

“चुकीचं टाकलं त्यानं,” भाऊसाहेब म्हणाले.

“माझं नाव आहे ते,” मी म्हणालो. “यात नाहीये. ज्या नावाने मी यात आहे, ते टाकणार नाही. बदलून द्या. मिनिटाचं काम आहे. मग दाखवतो.”

“कोणतं नाव?” परीक्षकांनी विचारलं.

भाऊसाहेबांनी सांगितलं. संचालक हसले. दादाही हसले, पण जपून, मोठ्या माणसासारखे.

“मेंढरू म्हणलं त काय अंगाला भोकं पडतेत का?” दादा म्हणाले. “टाक की. सायबांचा वेळ चाललाय.”

“टाकतो. आधी भाऊसाहेबांचं युजरनेम ‘मेहुणा’ करा.”

त्या लॅबमध्ये पहिल्यांदा कुणी हसलं नाही. छावणीचे व्यवस्थापक छताकडे पाहू लागले.

परीक्षकांना डेटाबेस येत होता. मॅडमना जे माहीत होतं ते त्यांनाही माहीत असणार. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “वेळ नाही. गटातलं दुसरं कोणी उघडा.” दुसऱ्याने त्याच्या नावाने उघडलं. मी लिहिलेला प्रोग्राम त्याने अडखळत वाचून दाखवला. दादांनी मान डोलावली. दोघांना गुण मिळाले. माझ्या नावापुढे परीक्षकांनी गैरहजर असं लिहिलं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो.

मी व्हरांड्यात आलो. थोड्या वेळाने भाऊसाहेब मागून आले. आवाज उतरला होता.

“सायेब चहा घेतेत अजून,” ते म्हणाले. “आत ये, टाक, दोन मिनिटं दाखव. मी सांगतो, मार्क देतेत. नंतर देतो बदलून.”

“आधी बदला.”

“दादांसमोर? आता?”

“आता. दादांसमोर.”

भाऊसाहेबांनी मला खालून वर न्याहाळलं. त्यांना खरोखर कळत नव्हतं. एका शब्दासाठी हा पदवी सोडतो, म्हणजे याचं डोकं फिरलं असणार, असा त्यांचा चेहरा झाला. माणसाला नाव असतं हे त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. आडनावाच्या पलीकडे त्यांची नजर पोचत नव्हती. तीन वर्षं मी या माणसाला घाबरलो.

“मंग वरीस गेलं तुझं,” ते म्हणाले.

“जाऊ द्या. पुढच्या वर्षी फी भरतो, परत येतो, हेच नाव टाकतो. नाही घेतलं तर त्याच्या पुढच्या वर्षी येतो. तुमच्या मशीनला मी अस्तित्वातच नाही असं म्हणायचं असलं तर दर वर्षी भिंतीवर म्हणावं लागेल. पाहुणे तेवढे बोलवत जा.”