मुहूर्ताची सही

सौंसरच्या कापसाच्या जिनिंगमधल्या श्रावण फिटरला मालकानं विद्यापीठात शिकायला पाठवलं, तेव्हा अख्खा मोहल्ला हसला. मशीनीपासून हात वाचवाले शिकाले नागपूरले कायले जा लागते? पण भोपाळच्या गॅसनंतर सरकारी साहेब जिथं तिथं विचारून राहिले होते, सुरक्षेचं शिकलेला माणूस आहे का तुमच्याकडे? म्हणून भैय्याजी मालकांनी श्रावणला धाडलं.

सहा महिने वह्या भरून तो परतला आणि एकच धोशा लावला, रेच्याच्या रुळांपुढे लोखंडी जाळी पाहिजे. सरकी काढणारं ते यंत्र, आणि त्यात कापूस टाकणाऱ्या बाया वीतभर अंतरावर बसतात हो! शेजारच्या चंद्रकलेला तर त्यानंच तिथं कामाला लावलं होतं. "मी आहो ना," म्हणाला होता.

"बसवून देऊ," भैय्याजी म्हणाले. "लोधीखेड्याच्या लोहाराला सांगून ठेवलं."

हंगामाच्या मुहूर्ताला पूजा झाली. इतकी वर्षं श्रावण दारापाशी उभा राहायचा. त्या दिवशी भैय्याजींनी त्याला हाताला धरून पुढे आणलं. नव्या तपासणी रजिस्टरला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाले, "पहिली सही शिकलेल्या माणसाची. शकुन असते." सगळ्यांसमोर! गडी असा फुगला, की पान कोरं आहे हे त्याला दिसूनही दिसलं नाही. ठोकली सही. पेढा खाल्ला.

जाळ्या आल्याच नाहीत. श्रावणनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "उद्या". तिसऱ्या आठवड्यात चंद्रकलेचा उजवा हात रुळात गेला. चार बोटं गेली.

चौकशीला साहेब आले. श्रावणला वाटलं, आता मालकाची काही खैर नाही. भैय्याजींनी शांतपणे रजिस्टर उघडलं. सहीच्या वर लिहिलं होतं, सर्व रेच्यांना जाळ्या बसवून तपासल्या.

"पान कोरं होतं, साहेब! पूजेची सही हाय थे!" श्रावण ओरडला.

"विद्यापीठात हेच शिकवलं का, कोऱ्या पानावर सही करायला?" साहेब म्हणाले आणि लिहून मोकळे झाले, जाळी बाईनंच काढली, भरपाई नाही.

हलकट मेला! माणसाला मान द्यायचा तो असा गळा कापायला? श्रावण रडकुंडीला आला. तसाच चंद्रकलेकडे गेला, मालकानं कसं फसवलं ते सगळं सांगितलं. तिनं बांधलेला हात मांडीवर धरून ऐकून घेतलं.

"जाळी नाही हे तुम्हाले मालूम होतं ना, भाऊ?"

"होतं."

"मंग मले तिथून उठवलं काऊन नाही?"