इंदूकाकू हरवलीच नव्हती

सकाळी सकाळी नांदेडच्या एका मंगल कार्यालयात मी माईकपुढे उभा होतो. मंडप आणि माईकचा धंदा करणाऱ्या माणसाची सकाळ अशीच उगवते, स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकवत. "हॅलो, हॅलो" करून झालं होतं, कर्णा जरा खरखरत होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लातूरहून प्रकाश, माझा चुलतभाऊ. म्हणाला, "आई गेली रे. झोपेतच गेली." माईक चालूच होता. माझ्या तोंडून निघालेलं "काय?" सगळ्या कार्यालयात घुमलं. फुलं लावणारे, खुर्च्या मांडणारे, आचारी, सगळे जागच्या जागी थबकले... इंदूकाकूला हे कळलं असतं तर ती पोट धरून हसली असती. "मेल्या, माझ्या मरणालासुद्धा तू माईक सोडला नाहीस," असंच काहीतरी म्हणाली असती.

काकू माहेरची देवणीची. लग्न होऊन लातूरला आली, पोस्टात लागली आणि खिडकीच्या आत बसून तिनं जन्मभर दुसऱ्यांचं टपाल देशभर पाठवलं. ती स्वतः मात्र एकटी कुठं म्हणून गेली नाही. पोस्टात काका स्कूटरवर सोडायचे आणि संध्याकाळी आणायचे. माहेरी जायचं तर भाऊ न्यायला यायचा. आमच्या घरात बाई चप्पल घालायला लागली की पहिला प्रश्न, "सोबत कोण हाय?" त्यात दुष्टपणा नव्हता, खरीखुरी काळजी होती. पुढं त्या काळजीला कारणही मिळालं. एका दुपारी काका मुरुडहून स्कूटरवर परत येत होते. त्यांच्या छातीत दुखायला लागलं. ते रस्त्याकडेच्या झाडाखाली जाऊन बसले आणि बसल्या बसल्याच गेले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी सावलीला टेकलंय. बराच वेळ कुणी जवळसुद्धा गेलं नाही. तेव्हापासून प्रकाश आईला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी सोडेना.

अशा बाईनं साठी उलटल्यावर काय करावं? भजनी मंडळात जावं, गुडघ्यांना तेल लावावं. काकू सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत गेली आणि तिथं तिला एक निवृत्त सुभेदार भेटले. ते फौजेत ओरिएंटियरिंग शिकलेले. हे काय असतं, ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. रानात ठिकठिकाणी पांढऱ्या-नारिंगी कापडाची निशाणं टांगलेली असतात. तुमच्या हातात नकाशा आणि होकायंत्र. दिलेल्या क्रमानं एकेक निशाण शोधायचं, तिथं लटकवलेल्या चिमट्यानं आपल्या कार्डाला भोकं पाडायची आणि पुढं पळायचं. कमी वेळात सगळी निशाणं करून येईल तो जिंकला. यातला मुख्य नियम असा, की वाट कुणाला विचारायची नाही आणि कुणाची सोबत घ्यायची नाही. मला हे काकूनं सांगितलं तेव्हा तिचे डोळे असे चमकत होते, जणू हा नियम कुणीतरी खास तिच्यासाठीच करून ठेवला होता.

आता गंमत बघा. आमच्या मुलखात वाट विचारली तर कुणी नुसतं बोट दाखवून मोकळं होत नाही. हातातलं काम टाकून तुमच्याबरोबर चालू लागतं, मुक्कामावर सोडतं आणि वर चहा पाजतं. त्यात एकटी म्हातारी, पायात बूट, हातात कागद आणि रानात पळतेय! पहिली दोन वर्षं शर्यती जवळपासच्या, सुभेदार न्यायचे-आणायचे म्हणून प्रकाशनं चालवून घेतलं; पण काकूच्या निम्म्या शर्यती लोकांच्या चांगुलपणापायी बुडाल्या. निलंग्याकडे एका आजीबाईनं तिचा हात धरला तो सोडलाच नाही. "लेकी, घरात भांडण झालं का? चल, मी येते सोडायला." जळकोटच्या रानात एक गुराखी सगळी गुरं घेऊन तिच्या मागं मागं आला. काकू पळाली की गुरं पळायची. काकूनं मग एक युक्ती काढली. कुणी दिसलं की लांबूनच ओरडायची, "माझा उपास हाय, बोलायचं न्हाई!" उपासाचं नाव ऐकून लोक आदरानं बाजूला व्हायचे.

मग किनवटच्या जंगलात आठवडाभराच्या, म्हणजे सहा दिवसांच्या, शर्यती ठरल्या. रोज नवी जागा, रोज नवा नकाशा. सगळ्या दिवसांचा वेळ एकत्र धरायचा, एक दिवस जरी चुकला तरी आठवडा बाद. पासष्टीपुढच्या बायकांत काकू आणि परराज्यांतून आलेल्या दोघी. प्रकाश पंधरा दिवस तिच्याशी नीट बोलला नाही. शेवटी त्यानं एक अट घातली. "ज्या दिवशी तुला शोधायला माणसं पाठवावी लागतील, त्या दिवशी हे कायमचं बंद. कबूल?" काकू म्हणाली, "कबूल." आणि योगायोग असा, की त्या शर्यतींचा मंडप आणि माईक माझ्याकडं होता. प्रकाशनं मला फोन करून सांगितलं, "लक्ष ठेव. रोज दुपारी मला कळव." पहिल्याच सकाळी काकू माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "काय रे हेर, पगार किती देतोय प्रकाश?"

चार दिवस मी जे बघितलं, ते सांगताना आजही अंगावर काटा येतो. सुरुवातीच्या रेषेवर काकू पदर खोचावा तशी टोपी घट्ट करायची. शिट्टी वाजली की नकाशा हातात धरून दोन क्षण नुसती उभी राहायची. तरुण पोरं सुसाट निघून जायची आणि ही आपली समोरच्या डोंगराकडं बघतेय, जणू पोस्टाच्या खिडकीत उभ्या असलेल्या माणसाचा पत्ता वाचतेय. मग तुरुतुरु निघायची. सागाच्या झाडांत तिचा निळा शर्ट जरा वेळ दिसायचा, मग दिसेनासा व्हायचा. मी आयुष्यभर स्टेजवर येणारी माणसं बघितली, पण एखादं माणूस एवढ्या थाटात स्टेजवरून आत गेलेलं कधी बघितलं नव्हतं. दुपारी परत यायची ती घामाघूम, काट्यांनी हात ओरबाडलेले, केसांत पाचोळा. "जेवलास का?" हा पहिला प्रश्न ती मलाच विचारायची.

पाचव्या दिवशी काकू आली नाही.

पोरं एकेक करून परत येत होती आणि सगळ्यांची तक्रार एकच... सातवं निशाण सापडत नाही. कुणी म्हणे आम्ही ओढा चुकलो, कुणी म्हणे टेकडी चुकलो. शर्यतीचे प्रमुख एक कर्नलसाहेब होते. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ऊन चढलं. परराज्यातल्या त्या दोघीही परत आल्या. काकूचा पत्ता नाही. शेवटी कर्नलसाहेब म्हणाले, "बाईंना शोधायला निघावं लागेल." मला वाटलं, हे वाक्य लातूरपर्यंत ऐकू गेलं असणार. आम्ही पाच-सहाजण निघालो. सातवं निशाण लावलं होतं तिथूनच शोधायला सुरुवात करू, असं ठरलं. ओढा ओलांडला, चढण चढलो आणि कर्नलसाहेब नकाशावरून मान वर करत म्हणाले, "निशाण इथंच असायला पाहिजे."

समोर मोहाचं झाड होतं. निशाण नव्हतं. झाडाला पाठ टेकून, मान खाली घालून काकू बसली होती.

मुरुडचा रस्ता, ते झाड, ते काका... सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मी जवळ जाऊन वाकलो. काकूनं मान वर केली. ती बुटातला काटा काढत होती.

"आलात का? जरा पाणी द्या," ती म्हणाली. मग आमच्या मागं आणखी माणसं दिसली आणि तिचा चेहरा पडला. "शोधायला आलाव, होय?"

"काकू, वाट चुकली होतीस तर गळ्यातली शिट्टी वाजवायचीस ना!"

"मी कुठं चुकले? निशाण चुकलंय. ते इथंच व्हतं. मी दोनदा मागं जाऊन पावलं मोजून आले. आता त्याच्याविना पुढं गेले तर बाद, आणि जागा सोडली तर मलाच वाटायला लागंल की मी चुकले. म्हणून बसले."

तेवढ्यात उतारावरून घुंगरांचा आवाज आला. एक म्हातारे शेतकरी, गणपतराव त्यांचं नाव, आपला लाल कंधारी बैल घेऊन येत होते. आणि बैलाच्या शिंगाला आमचं पांढरं-नारिंगी निशाण! चिमटा त्याच्या गळ्यातल्या घुंगरांशी टकटक वाजत होता. आम्ही सगळे आ वासून बघत राहिलो.

"तुमी मोजणीवाले का?" गणपतरावांनी लांबूनच दरडावून विचारलं. "माझ्या बांधाजवळून रस्ता जाऊ देणार न्हाई. सांगून ठेवतो."

उलगडा झाला तो असा. आजूबाजूच्या गावांत शर्यतीची कल्पना दिली होती, पण गणपतराव लेकीकडं गेले होते. सकाळी परत येताना झाडाला सरकारी दिसणारं फडकं दिसलं. रस्त्याची नाहीतर कालव्याची मोजणी आली, असं समजून त्यांनी ते उतरवलं. फेकून का दिलं नाही, असं कर्नलसाहेबांनी विचारलं. तर म्हणाले, "कापड झ्याक व्हतं. बैलाला शोभलं." मग त्यांनी काकूकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्या बाई मघापासून त्याच झाडाखाली बसायल्यात. बरोबर त्याच फांदीखाली. मला वाटलं, ह्याच मोठ्या साहेब."

वर बघितलं. फांदीला सुतळीचा तुकडा अजून लोंबत होता. काकूच्या डोक्यावर, बरोबर वर. कर्नलसाहेबांनी टोपी काढली. खरंच काढली.

काकूचं लक्ष मात्र बैलाकडं. "धष्टपुष्ट हाय. पण आमच्या देवणीच्या बैलांची जोड बघितली का कधी?"

"बघितली की. दिसायला नवरदेव. कामाला आमचा लालच."

"ते राहू द्या. आधी ते निशाण जागेवर बांधा. बैलावर हाय तोवर मी भोक पाडणार न्हाई."

गणपतरावांनी निशाण फांदीला बांधलं. काकू उठली, कार्डाला भोकं पाडली. आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. दुपारची वेळ. प्रकाश. काकूनं हात पुढं केला. फोन कानाला लावला. "प्रकाश, ऐक. शोधायला माणसं आली बाबा. अट तुझी व्हती, मी कबूल केली व्हती." बस, एवढंच. सारवासारवीचा एक शब्द नाही. मी फोन ओढून घेणार, तोच गणपतरावांनी तो घेतला. "साहेब, मी हितला शेतकरी बोलतो. चुकलेलं माणूस हिंडत असतंय बघा. तुमची आई मघापासून हाललीच न्हाई. फडकं मी नेलं व्हतं. जे काय बोलायचं ते मला बोला." पलीकडून प्रकाश म्हणाला, "उद्या येतो." आणि फोन ठेवला. गणपतरावांनी काकूला खाली सोडायला येतो म्हणून काठी उचलली. काकू म्हणाली, "माझा उपास हाय," आणि आठव्या निशाणाकडं निघून गेली.

तो दिवस सगळ्यांसाठीच रद्द झाला, त्यामुळं आठवडा बाद झाला नाही. पण रात्री काकू जेवली नाही. तिची समजूत एकच, प्रकाश न्यायला येतोय. तिनं पिशवी भरून ठेवली.

सकाळी तो आला. शेवटची शर्यत सुरू व्हायला थोडाच वेळ होता. भरलेली पिशवी बघितली, ती उचलून गाडीत नाही, माझ्या मंडपात नेऊन ठेवली. मग खाली बसून आईच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. काकू त्याच्या डोक्याकडं बघत राहिली. शिट्टी झाली, निळा शर्ट झाडांत गेला. शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी प्रकाशला विचारलं, "आईबरोबर कोण आहे?" प्रकाश म्हणाला, "कुणी नाही. एकटीच आहे." सोन्याचं पदक मिळाल्यासारखं म्हणाला. त्यानंतर तो एका जागी उभा राहिला तो काकू परत येईपर्यंत बसलाच नाही. काकू शेवटून दुसरी आली, लंगडत, हसत. मी माईक उचलला आणि, कुणाला खरं वाटणार नाही, मला काही बोलताच येईना. कर्ण्यातून नुसता माझा श्वास ऐकू येत राहिला.

पुढं तीन हंगाम काकू पळाली. आणि आता गेली. सांत्वनाला आलेल्या एका मावशी म्हणाल्या, "शेवटच्या घडीला जवळ कुणी नव्हतं रे तिच्या." प्रकाशनं त्यांना चहा दिला.

या लेखासाठी वर्तमानपत्राच्या पुरवणीला काकूचा फोटो हवा होता, म्हणून परवा लातूरला गेलो. काका गेल्यापासून काकूच्या खोलीचं दार रात्री सताड उघडं असायचं, प्रकाश येता-जाता डोकावायचा. किनवटहून आल्यावर त्याच रात्री त्यानं ते स्वतः ओढून घेतलं. सकाळी चहा घेऊन गेला की आधी दार वाजवायचा, आतून "ये रे" आलं की मगच उघडायचा. काकू गेली त्या सकाळीही त्यानं वाजवलं होतं. आता त्या खोलीत कुणी झोपत नाही. फोटो आणायला तो उठला, मी मागोमाग गेलो. बंद दारापाशी तो थांबला. दोन बोटांनी हळूच वाजवलं, आतून आवाज यायला जेवढा वेळ लागतो तेवढा उभा राहिला... आणि मग आत गेला.