तीन महिन्यांच्या गोळ्या

आरोग्य केंद्राच्या नऊ नंबरच्या खोलीत पूर्वी मोडके स्ट्रेचर ठेवत. मानसिक आजारांचा दवाखाना सुरू करा असा वरून हुकूम आला, तेव्हा स्ट्रेचर जिन्याखाली गेले आणि खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि औषधांचं कपाट आलं. कपाटाला कुलूप नव्हतं. ते सिस्टरने स्वतःच्या घरून आणलं. दर गुरुवारी मोठ्या रुग्णालयातून डॉक्टर यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे सिस्टर. सरकारला मनाच्या आजाराची आठवण वर्षातून एकदा, भाषणाच्या दिवशी येते. पेशंटला ती रोज सकाळी गोळी घेताना येते.

सिस्टर बावन्न वर्षांची, ठेंगणी आणि तोंडाने फटकळ. "गोळ्या बंद केल्यास तर घरी येऊन कानशिलात देईन," असं ती फरशी बसवणाऱ्या एका सहा फुटी पेशंटला बजावायची आणि तो मान खाली घालून "हो सिस्टर" म्हणायचा. लोकांना वाटायचं, बाई कामावर प्रेम करते. करत असेलही. पण खरं कारण तिच्या घरी होतं.

तिचा दादा तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नऊ वर्षांपूर्वी, आता बरा आहे म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. तिसऱ्या आठवड्यात त्याने घराच्या सगळ्या खिडक्या पुट्टीने लिंपल्या आणि बाहेरचे लोक बहिणीला मारतील म्हणून तिला आतल्या खोलीत कोंडलं. दोन दिवस तो दाराशी पहारा देत बसला होता. दार फोडून लोक आत आले, तेव्हा ती तापाने फणफणलेली होती आणि दादा रडत सगळ्यांच्या पाया पडत होता, की तिला नेऊ नका. त्यानंतर गोळी एक दिवसही चुकली नाही. नऊ वर्षं तो पिशवी खांद्याला अडकवून घरोघर मशीनं दुरुस्त करत हिंडला आणि बहिणीला वेळेवर डबा खाल्लास का म्हणून रागावत राहिला.

तर अशी ही सिस्टर. तिने एक चांगलं काम केलं आणि तिथेच घात झाला.

गोळ्या महिन्याच्या महिन्याला मिळायच्या. म्हणजे दर महिन्याला एक दिवस काम बुडवायचं, प्रवास करायचा, वर मालकाला खोटं कारण द्यायचं. खरं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी कामच नाही. फरशीवाल्याने सुट्टीसाठी आपली एकच आजी तीनदा मारली होती. चौथ्या वेळी ठेकेदार म्हणाला, "तुझ्या आजीला एकदाचं नीट मरायला सांग." त्याने हे सांगितलं तेव्हा दवाखान्याबाहेरच्या बाकावरचे सगळे पेशंट हसले, पण सिस्टरच्या ते मनाला लागलं. तिने डॉक्टरांना गळ घातली: जे वर्षानुवर्षं स्थिर आहेत, त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देऊ. डॉक्टरांनाही पटलं. पेशंट खूश, त्यांचे मालक खूश, फरशीवाल्याच्या आजीचाही जीव वाचला.

सात महिन्यांनी पत्र आलं. 'सदर केंद्रातील मासिक उपस्थिती एकशे बारावरून अडतीसवर आली आहे. गरज घटल्याने येत्या तिमाहीपासून डॉक्टरांची भेट व औषधपुरवठा बंद करण्यात येत आहे. रुग्णांनी मोठ्या रुग्णालयात जावे.' मोठं रुग्णालय म्हणजे जायला सहा तास, यायला सहा तास आणि मध्ये रांग. तिथे कोण जाणार आणि कोण गोळ्याच सोडून देणार, हे सिस्टरला नावानिशी माहीत होतं. आजारी माणसं तेवढीच होती, फक्त त्यांची खेप वाचली होती. रजिस्टर तिनेच भरलं होतं, आकडे तिच्याच अक्षरातले होते. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं म्हणत ती दोन दिवस कपाळ बडवत राहिली.

पण हातपाय गाळून बसणारी ती नव्हती. तिने जिल्ह्याच्या साहेबांना अर्ज केला, की एकदा प्रत्यक्ष येऊन पाहा. साहेब यायला तयार झाले. तिने घरोघर निरोप धाडले: येत्या गुरुवारी सगळ्यांनी या, एकही जण चुकता कामा नये.

आणि सगळे आले हो! शंभराच्या वर माणूस. साहेब येणार आणि आपल्या सिस्टरची लाज राखायची, म्हणून इस्त्रीचे कपडे, चापूनचोपून भांग, पॉलिश केलेल्या चपला. शिवणकाम करणाऱ्या बाईने साहेबांना पाणी दिलं. फरशीवाल्याने गर्दी ओळीत बसवली. टेबल डुगडुगत होतं, तर दादाने पुठ्ठ्याची घडी पायाखाली सरकवून ते पक्कं केलं.

"पेशंट कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"हे काय, सगळे पेशंटच."

"हे? मला वाटलं, सोबत आलेत." साहेब हसले. "अहो सिस्टर, हे तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. या टेबलवाल्या गृहस्थांना तर मी उद्या नोकरीवर घेईन."

"औषधामुळे आहेत साहेब. औषध थांबलं की बघा."

"ते मला कळतं हो." माणूस वाईट नव्हता, हेच वाईट होतं. "पण वरती मी काय लिहू? नवीन किती, गंभीर किती, एवढेच रकाने आहेत. बरे राहिलेले मोजायला रकानाच नाही. सहा आठवड्यांनी शेवटची यादी जाईल. तोवर एखादी तरी गंभीर केस दाखवा. एक असली तरी मी केंद्र वाचवतो. अगदी शब्द देतो."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? गाडी गेली. माणसं सिस्टरला विचारत होती, "आम्ही बरोबर वागलो ना?" त्यांना काय सांगणार? ती म्हणाली, "फार छान वागलात," आणि ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली.

संध्याकाळी घरी दादा पिशवीतली हत्यारं पुसत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "मला तीन आठवडे लागतात. तुला माहीत आहे."

"कशाला?"

"आजारी दिसायला. आम्ही बाकावर बोललो. फरशीवाला तयार होता, पण त्याची पोरं लहान आहेत. त्या शिवणवाल्या बाईला तर घरात कुणीच नाही. ज्याला सांभाळणारं माणूस आहे, त्यानेच करावं. माझ्याजवळ तू आहेस."

सिस्टर गप्प उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर ते शंभर इस्त्रीचे कपडे आले. तीन आठवडे, मग साहेब, मग इंजेक्शन, दोन महिन्यांत पुन्हा ताळ्यावर येईल. एकाच्या बदल्यात शंभर. असा हिशोब आपल्या डोक्यात आला म्हणून तिला स्वतःची किळस आली, आणि मग ती ओरडली, "नाही! वेड लागलंय का तुला? नाही म्हणजे नाही!"

"बरं," दादा म्हणाला आणि पाना पुसू लागला.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी त्याच्यासमोर उभी राहू लागली. तो गोळी तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा, पिशवी उचलायचा. पाचव्या दिवशी तिला कसंसंच वाटलं.

"तोंड उघड."

"गिळली गं."

"जीभ वर कर, दादा."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य तिने शेकडो जणांना सांगितलं होतं, पण ज्याने सायकलची सीट धरून तिला शिकवलं, त्या भावाला कधी नाही. त्याने शहाण्या मुलासारखी जीभ वर केली. खाली गोळी होती, कडेने विरघळलेली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून."

"मी नाही म्हणाले होते ना तुला!"

"म्हणालीस की," दादा म्हणाला. "पण म्हणायला तुला वेळ लागला."